लाल चिंधीची लिंबं

मीरा,

तुझ्या औषधाला गिऱ्हाईक आलं आहे. तुला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि परवा सकाळी बाळारामभाऊ चामटोलीच्या आमच्या अंगणात येऊन बसला. आपल्या लिंबांच्या बांधापलीकडची बाग त्याची. आधी तुझ्याबद्दल दोन चांगले शब्द बोलला, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मग मुद्द्यावर आला.

"वहिनी, त्या बाईंचं पाणी यंदा माझ्या झाडांनाबी द्या. खैऱ्यानं पार वाट लावलीय."

"ते पाणी," मी म्हटलं आणि थांबले.

तू असतीस तर हसली असतीस. मी थांबणारी बाई नाही. कारखान्यातल्या स्टोअरच्या खिडकीशी कुणीही काहीही मागायला आलं की आहे, नाही, कधी येईल, हे मी कपाटाकडे न बघता सांगते. पण बाळारामने पुढे विचारलं, "लागू पडतं ना पण?" आठ-नऊ वर्षं आपण ज्यावर भांडलो तोच प्रश्न त्याने चहाचा कप ठेवावा तितक्या सहजपणे माझ्यासमोर ठेवला.

म्हणून लिहायला बसले आहे. तुझी हुशारी, तुझं लॅबमधलं काम, तुझा मोकळा स्वभाव हे सगळं शोकसभेत सगळ्यांनी सांगून झालं. मला तुझ्याशी हा एकच विषय मार्गी लावायचा आहे.

सुरुवात आठवते? आपल्या अंबरनाथच्या कारखान्यात मॉक ड्रिल होतं. भोंगा वाजला, सगळे हातातलं काम टाकून फाटकाजवळच्या मैदानात जमले, हजेरी झाली. खरी आग कुठेच नव्हती. आपण दोघी गुलमोहराखाली शेंगदाणे खात उभ्या होतो आणि मी तुला आमच्या लिंबांचं रडगाणं ऐकवत होते. खैऱ्या रोग: पानांवर खरबरीत तपकिरी ठिपके, भोवती पिवळी कडा, मग तेच फांद्यांवर, मग फळांवर. असं खरूज आल्यासारखं लिंबू बाजारात कुणी हातात धरत नाही. सासरे गेल्यापासून ती बाग माझ्या अंगावर होती आणि आमचे हे म्हणत होते, आणखी एक पावसाळा बघू, नाहीतर सगळी झाडं तोडून जाळून टाकू. मोरचूद आणि चुना फवारून झाला होता. आमच्याकडच्या पावसात तो धुऊन जायचा.

माझ्या स्टोअरच्या याद्यांवरून पाडलेल्या नावाने हाक मारत, शेंगदाणे चावत तू म्हणालीस, "यादीबाई, झाडाचं मॉक ड्रिल घ्यायला हवं."

"झाडाला भोंगा कुठून आणू?"

"भोंगा आहे ना. सॅलिसिलेट."

मग तू मला तिथेच उभ्या उभ्या समजावलंस. झाडावर रोग चालून आला की झाड आपल्या अंगात एक द्रव्य तयार करतं. ॲस्पिरिनचं सख्खं भावंडच ते. त्याची वर्दी पानापानाला पोचते आणि पानं आपापली दारं-खिडक्या लावून घेतात, भिंती जाड करतात, कडवट काहीबाही तयार करून ठेवतात. रोग येण्याआधीच आपण तेच द्रव्य बाहेरून फवारलं, तर झाड फसतं. आजार आला असं समजून तयारीला लागतं. "औषध रोगाला मारत नाही," तू म्हणालीस, "ते झाडाला नुसतं जागं करतं. मारायचं काम झाडाचं." बाहेरच्या देशांत लोक तंबाखूवर, काकडीवर हे करून बघत होते. त्याचे झेरॉक्स तू मुंबईच्या कुठल्याशा लायब्ररीतून आणले होतेस. लिंबावर कुणी केलं असेल-नसेल, तुला त्याची फिकीर नव्हती.

मी तेव्हाच हरकत घेतली, आणि ती हरकत आजही कायम आहे. मी म्हटलं, "मीरा, आत्ता हे ड्रिल चालू आहे तोवर प्लांट बंद आहे. रोज भोंगा वाजवलास तर माल कधी निघायचा? झाड भिंतीच बांधत बसलं तर लिंबं कधी धरणार?"

तू खाणं थांबवून माझ्याकडे बघितलंस. "हे मला त्या झेरॉक्समध्ये कुणी लिहिलेलं सापडलं नाही," म्हणालीस. मग सरळ विचारलंस, "रविवारी येऊ का बाग बघायला?"

असं आपलं सुरू झालं.

माझी अट एकच होती. कारखान्यातून चिमूटभरसुद्धा आणायचं नाही. माझ्या स्टोअरमधून माझ्याच बागेसाठी काही गेलं असतं तर मला माझ्याच खुर्चीवर बसवलं नसतं. तू हो म्हणालीस आणि आपण उल्हासनगरला गेलो. रसायनांच्या दुकानातून एक बरणी घेतली आणि पुढच्या गल्लीत फवारणीचा जुना पंप. दुकानदार सिंधी, गल्ल्यावर पाय दुमडून बसलेला. पंपाचा दांडा दोनदा ओढून दाखवला आणि म्हणाला, "ताई, ले जाव. चालणार नाय, पळणार!" तू म्हणालीस, "साईं, पळाला तर पकडायला तुम्हालाच बोलावू." तो इतका हसला की वायसर फुकट दिला. पंप पुढे पहिल्याच दिवशी गळायला लागला आणि तुझा पंजाबी ड्रेस कमरेपासून भिजला. तो फुकटचा वायसर आपण तिथल्या तिथे बसवला.

पहिलं वर्ष फुकट गेलं. तू प्रमाण जास्त धरलंस. आठवड्याने पानांच्या कडा करपल्या, जशी इस्त्री लागावी तशा. आमच्या सासूबाई पदर खोचून झाडांमधून फिरल्या आणि म्हणाल्या, "डोकेदुखीची गोळी म्हणतेस ना ही, मीरे? मग झाडांचं डोकं दुखत नव्हतं तेच बरं होतं."

तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "आई, चुकलं. भोंगा फार जोरात वाजवला."

दुसरं कुणी असतं तर ऊन, पाऊस, पंप, काहीतरी कारण सांगितलं असतं. तू तिथेच बांधावर बसून प्रमाण अर्ध्यावर, मग आणखी अर्ध्यावर आणलंस, एकाच झाडाच्या एकेका फांदीवर करून बघितलंस, आणि पान करपेनासं झालं तेव्हा उठलीस. त्या दिवशी मला कळलं की ही बाई माझ्या बागेत वेळ घालवायला आलेली नाही.

पुढच्या वर्षी तू खरा प्रयोग मांडलास. आधी मी माझ्या बाजूने सगळं केलं होतं. फाल्गुनात ठिपकेवाल्या फांद्या कापून जाळल्या, पश्चिमेच्या बाजूला वारा अडवायला शेवरीची झाडं लावली, पानं पोखरणाऱ्या नागअळीकडे लक्ष ठेवलं. तू म्हणालीस, "छान. आता काही झाडांना औषध द्यायचं आणि काहींना नाही."

"एक ओळ सोड. खालची," मी म्हटलं. "पंप ओढायलाही सोपं."

"खालच्या ओळीला पाणी जास्त राहतं, वारा कमी लागतो. मग फरक औषधाचा की ओळीचा, कसं कळणार? चिठ्ठ्या टाकू."

तू चिठ्ठ्या टाकल्यास. ज्यांची नावं निघाली त्या झाडांना माझ्या जुन्या लाल साडीच्या चिंध्या बांधल्या. लाल चिंधी म्हणजे औषध नाही. आमच्या ह्यांनी झाडं बघितली आणि विचारलं, "मीराताई, ही कशापायी उपाशी?"

"भाऊजी, उपाशी कोण राहिलं हे कळल्याशिवाय जेवलेल्याचं पोट भरलं का हे सांगता येत नाही."

ह्यांनी मान हलवली, पण अट घातली. या पावसाळ्यात बाग सुधारली तर ठेवू, नाहीतर दिवाळीनंतर कुऱ्हाड. म्हणजे तुझ्या प्रयोगावर माझी बाग टांगलेली होती, आणि हे तुला माझ्याइतकंच माहीत होतं.

तू वैशाखात आलीस, पावसाच्या तोंडावर आलीस, प्रत्येक नवी पालवी फुटायच्या सुमाराला आलीस. रोग पानात शिरल्यावर या औषधाचा उपयोग नाही, ते आधी द्यावं लागतं, आणि झाड फार दिवस सावध राहत नाही, म्हणून पुन्हा पुन्हा द्यावं लागतं. फवारून झालं की ड्रममधलं उरलेलं पाणी खड्ड्यात ओतायला सांगून तू हातपाय धुवायचीस आणि आपण जेवायला बसायचो. सासूबाई मात्र आधी आपल्याला वाढून मग बाहेर जायच्या. मला वाटायचं, कोंबड्या बघायला जातात.

श्रावणात तू पानं मोजायला आलीस. बाग चांगली होती. मला दुरूनच दिसत होतं आणि मी मनातल्या मनात कुऱ्हाड परत कोनाड्यात ठेवली होती. पण तू एकेक फांदी धरून ठिपके मोजत होतीस आणि तुझा चेहरा उतरत चालला होता. शेवटच्या झाडाशी तू पेन बंद केलंस.

"यादीबाई, तू जिंकलीस," म्हणालीस. "चिंधीवाली झाडं आणि बिनचिंधीची, फरकच नाही. औषधाने काहीही केलेलं नाही. जे झालं ते तुझ्या कात्रीने आणि शेवरीने."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

सासूबाई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी विचारलं, "काय मोजत होती ही? चिंधीवाल्या झाडांना काय झालं?"

"काही झालं नाही आई, तेच तर," तू म्हणालीस. "औषध न देताही ती तितकीच चांगली राहिली."

"न देता कशी? त्यांना मी दिलं की."

सासूबाईंनी सरळ आपल्याकडे बघून सांगितलं, लपवाछपवी त्यांच्या गावी नव्हती. "ड्रममधलं उरलेलं खड्ड्यात कशाला ओतायचं? तांब्यात घेतलं न् कडुलिंबाच्या डहाळीनं शिंपलं. दर खेपेला. एका पंगतीला बसवायचं न् निम्म्यांना वाढायचं नाय? आपल्या घरात असा पंक्तिप्रपंच कधी झाला नाय, न् मी जिती आहे तोवर व्हायचा नाय."

तू आधी माझ्याकडे बघितलंस, मग त्यांच्याकडे, आणि मग ओट्याच्या कडेवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलीस. मीही हसले. सासूबाई म्हणाल्या, "हसायला काय झालं? वाचली ना झाडं?"

"वाचली, आई," तू डोळे पुसत म्हणालीस. मग तुझा आवाज बदलला. "पण कशानं वाचली ते आता कुणालाच सांगता यायचं नाही."

त्या दिवशी तुझं काय गेलं ते मला तेव्हा पुरतं कळलं नव्हतं. औषध फसलं असतं तर तू ते पचवलं असतंस, करपलेली पानं पचवलीस तसं. पण कोणत्या झाडाला किती शिंपलं गेलं, कोणत्या पानावर थेंब पडला, हे सासूबाईंनाही सांगता येत नव्हतं. तुझ्या हातात ना हो आलं, ना नाही.

पुढच्या वर्षी तू पुन्हा चिठ्ठ्या घेऊन आलीस. ह्यांनी हात जोडले. "मीराताई, बाग रुळावर आलीय. आता सगळ्यांना द्या, खेळ नको." मीही ह्यांच्या बाजूने बोलले. तू माझ्यावर रागावलीस. "तू तरी असं म्हणू नकोस. तुला हिशोब कळतो," म्हणालीस. मी म्हटलं, "हिशोब कळतो म्हणूनच म्हणते. झाडं माझी आहेत, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या नाहीत." त्या वर्षी माझा निर्णय बरोबर होता, आणि तू समोर असतीस तरी मी हेच म्हटलं असतं. नुकतंच सावरलेलं झाड पुन्हा रोगाच्या तोंडी द्यायला छाती लागते आणि ती त्या वर्षी आमच्या घरात कुणाची नव्हती.

तेव्हापासून दरवर्षी सगळ्या झाडांना औषध मिळालं, आणि दरवर्षी पावसाळ्यानंतर आपलं भांडण ठरलेलं. तू म्हणायचीस औषध, मी म्हणायचे कात्री आणि शेवरी. तू म्हणायचीस पान हाताला जाड लागतं, मी म्हणायचे पालवी उशिरा येते आणि फळ थोडं बारीक राहतं, तुझ्या भोंग्याची किंमत झाड देतंय. तू म्हणायचीस, "असेलही. मोजू दे मग!" आणि मी जेवायला वाढायचे. एकदा बाळारामनेही तुझ्याकडे औषध मागितलं होतं. तू त्याला पेलाभरसुद्धा दिलं नाहीस. "मलाच माहीत नाही, तर तुम्हाला कशाच्या जोरावर देऊ?" तो रुसला. महिनाभर बांधावरून बोलला नाही.

एक गोष्ट तुला मी कधी बोलले नाही. दरवर्षी भांडताना माझी मनापासूनची इच्छा असायची की तुझंच खरं निघावं. कात्री आणि शेवरी ही सगळ्यांना माहीत असलेली कामं आहेत. त्यात मी जिंकून जगाला नवीन काय मिळणार होतं? पण झाडाला स्वतःची राखण स्वतः करायला शिकवता येतं, हे खरं असतं तर मला फार आवडलं असतं. तोंडावर सांगितलं असतं तर तू लगेच चिठ्ठ्या काढल्या असत्यास, म्हणून गप्प राहिले.

उल्हासनगरच्या इस्पितळात शेवटी शेवटी तुला बोलताना दम लागायचा. मी डबा, औषधं, नळ्या, भेटायला येणाऱ्यांच्या वेळा, सगळं लावून ठेवलं होतं आणि तू म्हणालीस, "यादीबाई, मला जरा कमी व्यवस्थित मरू दे." शेजारच्या खाटेवरची सिंधी आजी खुदकन हसली. मग तू डोळे मिटून विचारलंस, "पालवी आली का?" मी म्हटलं, येईल. "या वेळी मी फवारायला नाही," म्हणालीस. मी म्हटलं, मी आहे. तुला त्यापुढे काहीतरी सांगायचं होतं. नर्स आली, बोलणं राहिलं. ते काय होतं याचा मी अंदाज बांधत बसले नाही. पण तू माझ्याकडे पुन्हा झाडं मागितली असतीस तर ती चिंध्या बांधायलाच, हे मला माहीत आहे.

तर आता काय ठरलं ते सांगते.

मी बाळारामला त्या सकाळी म्हटलं, "लागू पडतं की नाही, मला माहीत नाही." तो बघतच राहिला. माझ्या तोंडून हे वाक्य चामटोलीत कुणी ऐकलेलं नाही. मी पुढे म्हटलं, "यंदा कळेल. काही झाडं सोडणार आहे मी. कुठली सोडायची त्याच्या चिठ्ठ्या तू काढ, म्हणजे मी निवडून सोडली असं कुणी म्हणायचं नाही. भादव्यात ये आणि ठिपकेही तूच मोज. फळंही मोज."

"न् ती झाडं गेली तर?"

"गेली तर माझी गेली."

ह्यांच्याशी संध्याकाळी बोलले. वाटलं होतं वाद होईल. ह्यांनी तंबाखू मळता मळता एवढंच विचारलं, "मीराताईंसाठी?" मी म्हटलं, "नाही. बाळारामला उत्तर द्यायचंय." हे म्हणाले, "मग सोड. आता झाडं मोठी आहेत, एक पावसाळा काढतील."

सासूबाईंचा प्रश्न होता. ऐंशी उलटली, पण तांब्या अजून हातात घट्ट धरतात. त्यांना मी सगळं नीट समजावलं. मग म्हणाल्या, "माझ्या डोळ्यांदेखत नको. फवारायच्या दिवशी मला वांगणीला भावाकडं धाड. दर खेपेला. मी असले तर माझ्यानं राहवायचं नाय."

मी वांगणीच्या रिक्षावाल्याला सांगून ठेवलं आहे.

मीरा, निकाल तुझ्या बाजूने लागला तर मी ते बाळारामला सांगेन, आणि त्याच्यामागून जे विचारायला येतील त्या सगळ्यांना सांगेन, प्रमाणासकट. माझ्या बाजूने लागला तरी तितक्याच मोठ्याने सांगेन, आणि तू ते ऐकून घेतलं असतंस हे मला पक्कं माहीत आहे. अर्धवट लागला, म्हणजे औषध थोडं चालतं आणि झाड त्याची थोडी किंमत देतं असं निघालं, तर तेही तसंच्या तसं. मला वाटतं तसंच निघेल.

काल बाळाराम चिठ्ठ्या काढायला आला. हात धुऊन, टोपी सरळ करून, देवळात बसावं तसा बसला. सगळ्या काढून झाल्यावर उठला, बांधापर्यंत गेला आणि वळून म्हणाला, "वहिनी, माझी पण चार सोडू का? एका बागेवरनं काय कळणार?"

हे तू म्हणाली असतीस. मी त्याला म्हटलं, "सोड. पण कुठली, ते मी काढणार."